आमदारांकडे काम घेऊन जाताना: नाशिक जिल्ह्यातल्या गावकऱ्यांसाठी सविस्तर वाट

कार्यालयाचं शटर साडेनऊला उघडायचं, पण पायरीवर माणसं आठपासून बसलेली असायची. एका सोमवारी घाटाखालच्या पाड्यावरून पहाटेच्या एसटीने एक मावशी आली. कॅरिबॅगमधून तिने कागद काढून टेबलावर मांडले: रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, पासबुक. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान सुरू होत नाही, म्हणून ती तिसऱ्यांदा आली होती. दोन वेळा साहेब भेटले होते, "करून देतो" म्हणाले होते, एकदा तर तिच्यासमोर फोनही लावला होता. मी तिला विचारलं, "मावशी, तहसीलला अर्ज दिल्याची पावती कुठंय?" ती माझ्याकडे बघत राहिली. अर्ज दाखलच झाला नव्हता. तीन फेऱ्या, तीन दिवसांची मजुरी आणि भाडं वाया गेलं, कारण पुढे सरकवायला सरकारदरबारी तिचा कागदच नव्हता.

मी सात वर्षं अशा टेबलावर बसलो. आमदाराच्या संपर्क कार्यालयात येणारे अर्ज घ्यायचे, वाचायचे, पत्रं टाइप करायची आणि त्यांचा पाठपुरावा करायचा, हे माझं काम होतं. आमदार हे काम करणारं खातं नव्हे. तुमचा कागद जिथे अडला आहे तिथे तो धक्का देऊ शकतो, आणि धक्का द्यायला कागद त्या टेबलावर पोचलेला असावा लागतो. गावाकडच्या माणसाला हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे.

आधी आपला आमदार कोण, ते पक्कं करा

यात हसण्यासारखं काही नाही. नाशिक जिल्ह्यात तालुके १५ आणि विधानसभा मतदारसंघही १५, त्यामुळे एका तालुक्याला एक आमदार असा समज होतो. तसं नाही. तीन मतदारसंघ एकट्या नाशिक शहरात आहेत, मालेगावात मध्य आणि बाह्य असे दोन. उलट कळवण-सुरगाणा, दिंडोरी-पेठ, चांदवड-देवळा, इगतपुरी-त्र्यंबकेश्वर अशा जोड्या आहेत. काही गावांचा तर तालुका एक आणि मतदारसंघ दुसरा. लासलगाव निफाड तालुक्यात, पण मतदान येवल्याला. इगतपुरी तालुक्यातला टाकेदचा पट्टा सिन्नर मतदारसंघात. टाकेदकडची माणसं इगतपुरीच्या आमदारांकडे जाऊन दिवसभर थांबतात आणि संध्याकाळी कळतं की निधी तिथून मिळणारच नाही. मतदार ओळखपत्रावर विधानसभा मतदारसंघाचं नाव छापलेलं असतं. निघण्याआधी ते बघा.

विधान परिषदेचे आमदारही विसरू नका. नाशिक विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ आहेत. त्या आमदारांनाही स्थानिक विकास निधी असतो आणि त्यांच्या दारात गर्दी कमी असते. शाळेची संगणक खोली, वाचनालय असं काम असेल तर तिथे जरूर जा. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, पोस्ट, पासपोर्ट ही कामं केंद्राची, म्हणजे खासदारांकडची. बागलाण आणि मालेगावचे दोन्ही मतदारसंघ धुळे लोकसभेत येतात, हेही ध्यानात ठेवा.

काम कोणत्या टेबलाचं आहे

रस्त्याचं उदाहरण घेऊ, कारण निम्मे अर्ज रस्त्याचे असतात. "आमच्या गावचा रस्ता करा" एवढंच लिहिलं तर ते पत्र कुठे पाठवायचं, हे आम्हालाच कळायचं नाही. गावातल्या अंतर्गत गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाकडे बघा: माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, केशरी असेल तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा रस्ता. दगडच नसेल तर पंचायत समितीत बांधकामच्या शाखा अभियंत्याला भेटून रस्त्याचा क्रमांक लिहून घ्या. "ग्रा.मा. अमुक" हा क्रमांक अर्जात आला की अर्जाला वजन येतं.

शेतात जायची वाट शेजाऱ्याने अडवली असेल तर ते काम आमदाराचंही नाही आणि बांधकाम खात्याचंही नाही. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली, आणि नव्याने रस्ता मागायचा असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. तिथे तहसीलदार न्यायाधीशासारखे बसतात. आमदारांनी "यांच्या बाजूने निकाल द्या" असं पत्र द्यावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. फार तर "प्रकरण लवकर निकाली काढावं" एवढं पत्र मिळू शकतं. पण अडथळा निघाल्यानंतर त्याच पाणंदीवर मुरूम टाकायचा, शेत-पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेत ती बसवायची, तर आमदारांची शिफारस उपयोगी पडते.

डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, जळाली तर आधी महावितरणच्या १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र बदलून देण्याची मुदत ४८ तास आहे. हरभरा-गव्हाच्या पाण्याच्या पाळीत दोन दिवस म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच माहीत. तरी मुदत उलटल्यावर आमदारांच्या कार्यालयातून फोन जातो तेव्हा हातात तक्रार क्रमांक असेल तर अभियंत्याला "आमच्याकडे तक्रारच नाही" असं म्हणता येत नाही. एकच डीपी वारंवार जळते ती बहुतेक जास्त भारामुळे. मग मागणी दुरुस्तीची करू नका, क्षमतावाढीची किंवा जादा रोहित्राची करा. ते काम जिल्हा नियोजनाच्या निधीतून होऊ शकतं आणि तिथे आमदारांचा शब्द चालतो.

टँकरसाठी ग्रामपंचायतीचा ठराव आधी. मग पंचायत समितीकडे प्रस्ताव, मग महसूल आणि पंचायत समितीची संयुक्त पाहणी, मग मंजुरी. येवला, नांदगाव, सिन्नरकडे हे सगळ्यांना पाठ आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर मात्र पावसाळ्यात धो-धो कोसळतं म्हणून उन्हाळ्याचा प्रस्ताव मार्च उलटला तरी गेलेला नसतो. झरा आटण्याची वाट बघू नका. फेब्रुवारीच्या मासिक सभेतच ठराव करून ठेवा.

आमदाराच्या हातात काय असतं

आमदाराला कुठल्याही अधिकाऱ्याला हुकूम देण्याचा अधिकार कायद्याने नाही. अधिकारी ऐकतात, कारण आमदार प्रश्न विचारू शकतो, बैठक लावू शकतो आणि निधी आणू शकतो.

निधीचे मार्ग वेगवेगळे आहेत आणि ते कळले तर मागणी नेमकी करता येते. पहिला आमदार स्थानिक विकास कार्यक्रम, म्हणजे आपण म्हणतो तो आमदार निधी. २०२२ पासून तो वर्षाला ५ कोटी रुपये आहे. मोठा वाटतो, पण एका मतदारसंघात शे-दीडशे गावं, वाड्या-पाडे वेगळेच. शिवाय हा पैसा आमदाराच्या खिशात किंवा खात्यात येत नाही. आमदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी आणि जिल्हा नियोजन कार्यालय देतं. दुसरा मार्ग लेखाशीर्ष २५१५ चा: लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत सुविधांची कामं. गावोगाव "पंचवीस-पंधराचं काम" म्हणतात ते हेच, आणि ते ग्रामविकास खात्यातून येतं. तिसरा मार्ग जिल्हा नियोजन समितीचा. तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, आणि रस्ते, शाळाखोल्या, आरोग्य उपकेंद्रं तिथून होतात. चौथा राज्याच्या अर्थसंकल्पाचा आणि पुरवणी मागण्यांचा. मोठे पूल आणि राज्य मार्ग याच वाटेने येतात, त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात.

आदिवासी पट्ट्यात आणखी वाटा आहेत. वस्तीतल्या कामांसाठी ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा कार्यक्रम आहे. जिल्ह्यात आदिवासी विकास खात्याची नाशिक आणि कळवण अशी दोन प्रकल्प कार्यालयं आहेत. आपलं गाव कोणत्या प्रकल्पात ते बघून तिथे आधी प्रस्ताव द्या, मग आमदारांकडे जा. पेसा गावात, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा लागू आहे तिथे, ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला येतो. तो कुठे खर्च झाला हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कधीकधी ज्या हातपंपासाठी लोक आमदारांकडे येतात, त्याचे पैसे गावाच्याच खात्यात पडलेले असतात.

नाशिक जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. गटाचा सदस्य दारात नाही म्हटल्यावर शाळेच्या कौलांपासून उपकेंद्राच्या कुलपापर्यंत सगळं आमदारांच्या टेबलावर आलं. त्या गर्दीत तुमचा कागद वर दिसायचा असेल तर तो नीट लिहिलेला हवा.

अर्ज असा लिहा

एक अर्ज, एक विषय. हे मी हजार वेळा सांगितलं असेल. रस्ता, शाळा, स्मशानभूमी आणि मुलाची बदली एकाच कागदावर आली की त्याची चार पत्रं काढावी लागतात, आणि घाईत तीन निघतच नाहीत.

विषयाची ओळ अशी हवी: "मौजे अमुक, ता. पेठ येथील अमुक पाडा ते मुख्य रस्ता, ग्रा.मा. क्र. अमुक, लांबी १.२ कि.मी. खडीकरण व डांबरीकरण करणेबाबत." खाली तीन परिच्छेद पुरतात. पहिल्यात किती घरं आहेत, पावसाळ्यात काय होतं, शाळेची मुलं किती, बाळंतिणीला कसं न्यावं लागतं ते लिहा. डोलीने न्यावं लागत असेल तर तसंच लिहा. दुसऱ्यात आधी काय केलं ते तारखांसह: ग्रामसभेचा ठराव क्रमांक आणि दिनांक, पंचायत समितीला दिलेल्या अर्जाचा आवक क्रमांक. तिसऱ्यात एका वाक्यात मागणी. शेवटी दोन मोबाइल नंबर, कारण एक नेहमी बंद असतो. सोबत जोडलेल्या कागदांची यादी लिहा आणि रस्त्याचे दोन-तीन फोटो जोडा. फोटोवर तारीख आणि ठिकाण येईल असं ॲप वापरलंत तर उत्तम.

तीन प्रती काढा: एक आमदारांना, एक संबंधित कार्यालयाला, एक स्वतःला. तिसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक, चारही. नुसत्या शिक्क्याने भागत नाही.

साहेब भेटले की लोक अर्ज पुढे करतात आणि साहेब समासात शेरा मारतात. त्या शेऱ्याकडे नीट बघा. "नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी" असं असेल तर त्या कागदाने काही हलत नाही. कारकुनांना ही भाषा ओळखू येते. रोज असे वीस कागद येतात आणि फाइलला लागतात. नम्रपणे म्हणा, "दादा, या अर्जाचा आवक क्रमांक आहे, तो घालून पत्र द्या, आणि किती दिवसांत अहवाल हवा तेही लिहा." जावक क्रमांक घातलेलं, लेटरहेडवरचं, नेमक्या अधिकाऱ्याच्या पदनामाने लिहिलेलं पत्र आणि समासातला शेरा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे मागायला लाजू नका. ज्या आमदाराला काम करायचं आहे त्याला असा माणूस आवडतो.

भेटायचं कधी, कुणाला

लग्नसराईत आमदारांना मांडवात गाठून काम सांगायची आपल्याकडे रीत आहे. मानाने भेटा, बोला, पण कागद तिथे देऊ नका. तो कुणाच्या तरी खिशात जातो आणि शर्ट धुवायला पडतो. मी स्वतः असे भिजून गोळा झालेले अर्ज वाळवून वाचले आहेत.

अधिवेशनाच्या काळात आमदार जिल्ह्यात नसतात. अर्थसंकल्पी अधिवेशन मार्चच्या सुमारास आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी साधारण डिसेंबरात नागपूरला. बाकीच्या दिवसांत कार्यालयात कोणत्या वारी असतात ते फोन करून विचारा. आणि साहेब नसले तरी अर्ज द्या. स्वीय सहायक, म्हणजे पीए, हाच तुमच्या कामाचा खरा धनी असतो. त्याच्याकडे नोंदवही असते. आपला अर्ज त्या वहीत चढला का ते बघा आणि तो अनुक्रमांकही लिहून घ्या. पंधरा दिवसांनी फोन करून "आमचं काम झालं का?" असं विचारण्यापेक्षा "तुमच्या वहीत अमुक क्रमांक, पत्र गेलं का, जावक क्रमांक काय?" असं विचारा. फोन ठेवायच्या आत उत्तर मिळतं.

गावातून पंचवीस माणसं जीप भरून आणायची गरज नाही. तीन पुरतात: सरपंच किंवा सदस्य, ज्याला सगळी माहिती तोंडपाठ आहे तो एक, आणि जिला त्रास होतो ती एक बाई. पाण्याच्या कामाला तर बाई हवीच. हंडा कुणी वाहिला हे तिच्याइतकं कुणाला सांगता येत नाही.

पत्र गेल्यानंतरचे दिवस

इथेच बहुतेक जण थांबतात.

शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिकाऱ्यांना सूचना दिल्या आहेत की खासदार-आमदारांच्या पत्रांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी आणि दोन महिन्यांत उत्तर द्यावं. आपल्या पत्राला दोन महिने झाले की आमदारांच्या कार्यालयातून स्मरणपत्र मागा. त्याच्याही आधी, दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणून ओळखला जाणारा २००५ चा कायदा आहे. त्यानुसार एका टेबलावर फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. कायद्याचं नाव नुसतं अर्जात लिहिलं तरी टेबलावरचा माणूस फाइल शोधायला उठतो.

दाखला, उतारा, शिधापत्रिका यांसारखी अधिसूचित सेवा असेल तर आमदारांकडे जाण्याआधी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ वापरा. 'आपले सरकार'वर किंवा सेतूत अर्ज केला की मुदत ठरलेली असते. ती उलटली तर पहिलं आणि दुसरं अपील त्याच खात्यात आणि तिसरं लोकसेवा हक्क आयोगाकडे. चुकार अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आमदाराचा फोन लावणं म्हणजे त्याचा आणि तुमचा दोघांचाही वेळ घालवणं.

लोकशाही दिनाचाही उपयोग करा. जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी. जिल्ह्यासाठी विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. न्यायप्रविष्ट आणि नोकरीविषयक प्रकरणं तिथे घेत नाहीत. तिथलं उत्तर लेखी येतं, आणि ते समाधानकारक नसलं की तोच कागद आमदारांच्या हातातलं चांगलं हत्यार ठरतो.

आणि माहितीचा अधिकार. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. "अमुक जावक क्रमांकाच्या पत्रावर केलेल्या कार्यवाहीची प्रत द्यावी" एवढं एक वाक्य. मी कार्यालयात असताना लोकांना हे सांगायचो, तेव्हा काही सहकाऱ्यांना आवडायचं नाही. आपल्याच पत्राची माहिती लोक बाहेरून का मागतात, असं त्यांना वाटायचं. मला मात्र उलटच अनुभव आला. ज्या गावाने माहिती मागितली, त्या गावाची पत्रं आमच्याकडेही कधी हरवली नाहीत.

निधीचं काम सुरू होऊन पुरं होईपर्यंत

समजा आमदार म्हणाले, "तुमच्या पाड्याचा रस्ता माझ्या निधीतून घेतो." नारळ फुटेल त्याआधी बरंच काही व्हायचं असतं.

जागा आधी. रस्ता, सभागृह किंवा व्यायामशाळा ज्या जागेवर करायची ती सरकारी किंवा ग्रामपंचायतीच्या मालकीची असल्याचा कागद लागतो, म्हणजे सातबारा किंवा नमुना ८. बहुतेक काम इथेच फसतं. जागा कुणा भावकीच्या नावावर निघते आणि सगळं वर्ष जातं. बक्षीसपत्र करून घ्यायचं असेल तर शब्द मिळाल्याबरोबर करा. मग ग्रामपंचायतीचा ठराव, देखभाल-दुरुस्ती करू असं हमीपत्र आणि हेच काम दुसऱ्या योजनेतून मंजूर नसल्याचा दाखला. कुणा एकाच्या खासगी फायद्याचं काम या निधीत बसत नाही.

नंतर अंदाजपत्रक. शाखा अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेतो. त्या दिवशी गावातलं कुणीतरी हजर राहा. मोऱ्या कुठे हव्यात ते गावाला माहीत असतं, अभियंत्याला नसतं. एका पाड्यावर आमच्याच डोळ्यांदेखत मोरी ओढ्याच्या दहा मीटर अलीकडे दाखवली गेली, कारण पाहणी एप्रिलात झाली आणि ओढा कोरडा होता. पहिल्याच पावसात रस्ता वाहून गेला. पाहणीच्या वेळी एक म्हातारा जरी सोबत असता तरी त्याने हात करून सांगितलं असतं.

अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता, मग जिल्ह्याकडून प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. या आदेशाची प्रत मागून घ्या. त्यात ठेकेदार, रक्कम आणि मुदत असते. काम चालू असताना खडीचा थर, डांबराची जाडी अंदाजपत्रकाशी ताडून बघा. मोजमाप पुस्तकात, म्हणजे एम.बी.त, काय नोंदलं हेही माहिती अधिकारात मिळतं. काम वाईट होतंय असं दिसलं तर बिल निघण्याआधी लेखी तक्रार करा, कार्यकारी अभियंत्यांना आणि प्रत आमदारांना. बिल निघाल्यावर ओरडून कुणाचं काही हलत नाही.

मार्च महिना जवळ आला की सगळीकडे घाई सुरू होते. आपलं काम जानेवारीपर्यंत प्रशासकीय मान्यतेपर्यंत पोचलेलं असेल तर त्या घाईचा फायदा होतो. नसेल तर एप्रिलात पुन्हा पहिल्यापासून.

दवाखान्याचं काम: यात उशीर चालत नाही

रात्री साडेअकराला फोन यायचा. "दादा, अपघात झालाय, नाशिकला आणलंय, दोन लाख भरा म्हणतायत." अशा वेळी सगळ्यात आधी मी विचारायचो, "तिथल्या आरोग्यमित्राला भेटलात का?" महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण आहे, आणि योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडे जा. पैसे भरण्याआधी जा, कारण भरलेले पैसे परत मिळवणं फार अवघड. रुग्णालय योजनेत नसेल तर रुग्णाची प्रकृती बघून योजनेतल्या रुग्णालयात हलवता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आजार योजनेत बसत नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधी. त्यासाठी डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, १ लाख ६० हजारांच्या आतल्या उत्पन्नाचा तहसीलचा दाखला, आधार, रेशनकार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट आणि अपघात असेल तर पोलिसांचा कागद लागतो. अर्ज फुकट आहे. कुणी "करून देतो, इतके द्या" म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. आमदारांचं पत्र जोडलं तर बरं, पण पत्रावाचून अर्ज अडत नाही. अडतो तो उत्पन्नाच्या दाखल्यावाचून. म्हणून घरातल्या प्रत्येकाने दरवर्षी एप्रिलातच उत्पन्नाचा दाखला काढून डब्यात ठेवावा, असं मी गावोगाव सांगत फिरायचो.

तिसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. नाशिक शहरातली काही मोठी रुग्णालयं धर्मादाय न्यासाची आहेत, पण दारावरच्या पाटीवरून ते कळत नाही. तिथल्या समाजसेवकाला भेटा. "खाटा भरल्या" असं उत्तर आलं तर आमदारांच्या कार्यालयातून धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात फोन करवा. माझ्या अनुभवात आमदाराचा फोन सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो इथेच.

टाटा हॉस्पिटलला वरचेवर जावं लागणाऱ्यांनी मुंबईतल्या आमदार निवासातल्या खोलीबद्दल कार्यालयात जरूर विचारावं. पाड्यावरच्या माणसाला परळच्या फुटपाथवर झोपावं लागू नये.

गारपीट आणि अवकाळीनंतर

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षं उतरायला आलेली असताना गारा पडल्या की त्याच संध्याकाळी आमदारांच्या गाड्या बांधावर येतात. ते बरंच आहे, फोटोही निघू द्या. पण मदत बांधावरच्या आश्वासनावर मिळत नाही, पंचनाम्यावर मिळते. पंचनामा करतात तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. आता त्यांची पदनामं ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी अशी बदलली आहेत, अर्जात नवी नावं लिहा. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच सरकारी मदत बसते. पीकविमा असेल आणि त्यात नुकसान कळवायची अट असेल तर मुदतीत कळवायचं, आणि तेही तुम्हीच. ती पूर्वसूचना आमदाराच्या पत्राने दिली जात नाही. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइल ॲपवरच्या पीक नोंदणीत, पीक नोंदवलेलं नसेल तर सगळंच अवघड. शेतकरी ओळख क्रमांक आणि आधारला जोडलेलं बँक खातं आधीच तपासून ठेवा. यादी लागली आणि नाव नाही, किंवा केवायसी होऊनही पैसे आले नाहीत, तर आमदारांकडे या, आणि यादीत नाव असेल तर त्यासमोरचा विशिष्ट क्रमांक घेऊन या. एका गावातली अशी वीस-पंचवीस प्रकरणं एकत्र तक्ता करून दिली तर तहसीलदारांसोबत बैठक लागते. एकेकट्याने गेलं तर लागत नाही.

हे मागू नका

गुन्हा मागे घ्या, कोर्टातला निकाल फिरवा, जात पडताळणी समितीला सांगा, स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीसाठी चिठ्ठी द्या. शेवटच्याने तर मुलाचंच नुकसान होतं, वशिला लावणं हे अपात्रतेचं कारण ठरू शकतं. आधारवरचा पत्ता बदलण्यासाठी आमदारांची सही हवी असेल तर ठराविक छापील नमुना भरूनच आणा. लेटरहेडवरचं साधं पत्र केंद्रावर चालत नाही.

प्रश्न एका गावापुरता नसेल तेव्हा

काही दुखणी पत्राने बरी होत नाहीत. कांद्याच्या अनुदानाचे हप्ते सगळ्या जिल्ह्याचे अडलेले असतात, आश्रमशाळांत शिक्षकच नसतात, धरणाचं आवर्तन शेपटाकडच्या गावांना पोचतच नाही. तेव्हा आमदारांना सभागृहात काम करायला सांगायचं. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी मिळतं. तातडीच्या बाबीला लक्षवेधी सूचना. शिवाय विनंती अर्ज समिती आहे, तिच्याकडे लोकांचा अर्ज आमदारामार्फत सादर करता येतो. ही वाट फारच थोड्या लोकांना माहीत आहे.

आमदार प्रश्न विचारतात, पण प्रश्नात आकडे कोण घालणार? ते तुम्ही पुरवा. प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आठवडे आधी द्यावे लागतात, म्हणून हिवाळी अधिवेशनासाठी दसऱ्याच्या सुमारासच कागद पोचवा. एका पानावर कोणत्या शाळा, किती पदं मंजूर, किती रिक्त, कोणत्या तारखेपासून, हे लिहा. ही माहिती माहिती अधिकारात आधी मागवून ठेवलेली असेल तर मंत्र्यांचं उत्तर तिच्याशी ताडून बघता येतं.

उत्तर आलं की पीएकडून त्याची प्रत घ्या. सभागृहाचं कामकाज विधानमंडळाच्या संकेतस्थळावरही येतं. मंत्र्यांनी "करू" असं म्हटलं असेल तर ती ओळ अधोरेखित करा. तसं आश्वासन पाळलं गेलं का, हे बघायला विधानमंडळाची आश्वासन समिती असते. आणि ती प्रत २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा, इतिवृत्तात नोंदवून घ्या, खाली हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. पुढच्या अर्जाच्या दुसऱ्या परिच्छेदात लिहायचा ठराव क्रमांक तोच.